तोफ आणि मागची खोली

तिचा राग आधी कानांत चढायचा. पाळ्या लाल व्हायला लागल्या की घरातली माणसं आपापली कामं आठवून पांगायची. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. बायकोचे कान लाल दिसले की हा हत्यारांची पिशवी उचलून निघालाच, कुणाचा फ्रीज बिघडलेला असो नसो. "येतो जरा," एवढंच म्हणायचा. तिचा राग काही वाईट नाही, फक्त त्याच्या वाटेत उभं राहू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

आई म्हणायची की देवानं दोन पोरांत वाटणी करताना हात आखडता घेतला नाही. थोरलीला बापाचा राग दिला, धाकट्याला माझा गळा. बाप बस डेपोत मेकॅनिक होता. पाना हातातून निसटला तर पान्यालाही शिव्या घालायचा. आई शिवणाच्या मशीनवर बसून गुणगुणायची, आणि धाकटा मशीनखाली बसून पायडलच्या ठेक्यावर तेच गायचा. थोरली मात्र घरात ठरायचीच नाही. जिन्याचे कठडे, गच्चीची भिंत, शेजाऱ्यांची सायकल, जे हाती लागेल त्यावर ती असायची. शाळेत बाकावर चुळबुळ करते म्हणून मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं, तर बाहेर व्हरांड्यात कोलांट्या मारून दाखवायची.

अशी मुलगी खेळाची शिक्षिका झाली यात नवल नव्हतं. ती त्या नोकरीत टिकली याचंच सगळ्यांना नवल वाटायचं.

एका मोठ्या शाळेत तिनं बरीच वर्षं काढली. तिथं खेळाचा तास म्हणजे धर्मशाळा होती, कुणीही यावं आणि पथारी पसरावी. परीक्षा जवळ आली की भाषेच्या बाई दारात यायच्या.

"आजचा तास देता का हो? धडे राहिलेत माझे."

"तास म्हणजे काय वाटीभर साखर आहे?" ती म्हणायची. "आणि आजवर नेलेल्यातला एक तरी परत आणून दिलात का?"

"अहो, खेळच तर आहे!"

या 'च'वर तिचे कान पेटायचे. खेळच तर आहे, गाणंच तर आहे. गाण्याचे मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतलाच नाही, आणि वर्षभर कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. शेवटी एका सुट्टीत मैदानाच्या अर्ध्या भागावर शिक्षकांच्या गाड्यांसाठी फरशा बसल्या. सुट्टी संपवून ती आली, फरशांकडे पाहिलं, तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. आतला आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. बाहेर आली ती नोकरी सोडूनच.

त्या वेळी धाकटा एका हॉटेलात अकॉर्डियन वाजवायचा. गळ्यात पट्टे अडकवून, भाता मागंपुढं करत टेबलांमधून फिरायचं, आणि लोकांनी चमच्यांचा आवाज करत जेवायचं. कुणी ऐकत नसे. स्वभावानं मऊ माणूस. त्याच्या पायावर कुणी पाय दिला तर हाच माफी मागेल असा.

"बाळ्या," ती त्याला म्हणाली, "जेवणाऱ्यांसमोर वाजवून तुझी बोटं गंजतील. मी पोरांना पळवते, तू गायला लाव. ज्या शाळांत खेळ नाही, गाणं नाही, तिथं आपण जाऊ."

"आपल्याला कोण बोलावणार, ताई?"

"मी विचारायला जाईन."

"तू नको," तो घाईनं म्हणाला. "विचारायला मी जातो."

अशी त्यांची कामाची वाटणी झाली. तो गोड बोलून दार उघडून घ्यायचा, ती आत शिरायची. एका बेकरीवाल्याची जुनी व्हॅन घेतली. कितीही धुतली तरी तिला पावाचा वास येत राहिला, त्यामुळे ती दिसली की मुलांना भूक लागायची. मागं चेंडू, रिंगा, दोऱ्या, पातळ गाद्या, छोटे ढोल, खुळखुळे. एका तासाचे दोन भाग. आधी ती मुलांचा घाम काढायची, मग तो त्याच धापा टाकणाऱ्या मुलांना ठेका धरायला लावायचा. पुढं पुढं दोन्ही भाग एकमेकांत मिसळून गेले. तो वाजवायचा, ती त्यावर उड्या मारायला लावायची, आणि कुठं खेळ संपला, कुठं गाणं सुरू झालं, ते मुलांना कळायचं नाही.

मुलांनी नावं ठेवली. तिला तोफ, त्याला भाता. तोंडावर 'तोफताई' आणि 'भातादादा'. तिनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कान लाल झाले, पण म्हणणारं पोर इतक्या प्रेमानं म्हणालं होतं की तिला ओरडता येईना. शिट्टीच फुंकली जोरात.

बघता बघता बऱ्याच शाळा मिळाल्या. त्यातली एक रेल्वे फाटकापलीकडची तीन मजली शाळा. तिच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, अशा बोलायच्या की जिभेवर मुंग्या कशा लागत नाहीत असं वाटावं. नेहमी हसतमुख. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी ऐकला नाही. 'बघू या ना' म्हणायच्या, आणि त्याचा अर्थ नाही असाच असायचा.

त्या शाळेत पहिले काही आठवडे हॉल मुलांनी फुलून जायचा. मग पहिली चाचणी झाली, आणि संख्या रोडावली. तोफताईनं विचारलं, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "हवा बदलतेय ना, सर्दी-खोकला आहे." दुसरी चाचणी झाली. हॉलमध्ये इतकी मोकळी जागा झाली की ढोलाचा आवाज भिंतींवरून परत यायला लागला.

"बाळ्या, ही सर्दी फार दिवस चालली."

"असेल काहीतरी, ताई," तो ढोल मांडत म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही. तो बोलताना नेहमी समोरच्याकडे बघायचा, पण तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं नाही.

एके दिवशी चेंडू हॉलच्या दारातून निसटला आणि व्हरांड्यातून गडगडत जिन्याच्या मागं गेला. एक मुलगी आणायला धावली, तिला थांबवून तोफताई स्वतःच गेली. जिन्यामागं मोडकी बाकं रचलेली होती, आणि त्यांच्या पलीकडे एक बंद दार होतं. त्या दाराशी चेंडू जाऊन टेकला होता. ती वाकली आणि तिला आवाज ऐकू आला. हॉलमध्ये भाऊ ठेका वाजवत होता, तोच ठेका दाराआडून पायांनी कुणीतरी धरत होतं. एक जण नाही, बरेच पाय. बुटांच्या टाचा, हळू, चोरून. मग एक आवाज चढला, "पाय! पाय बंद!" आणि सगळं शांत झालं. थोड्या वेळानं एकच टाच पुन्हा वाजायला लागली.

तिनं दार ढकललं.

खोलीत बाकं दाटीवाटीनं लावलेली. ज्यांना सर्दी झाली होती ती सगळी मुलं तिथं गणितं करत बसली होती. फळ्यावर भागाकार. टेबलापाशी गणिताच्या बाई, नुकत्या लागलेल्या, वयानं लहान, चेहरा ओढलेला. आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या हातातल्या चेंडूवर.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"ज्यांना चाचणीत कमी पडले त्यांचा जादा सराव," गणिताच्या बाई चाचरत म्हणाल्या. "याच तासाला घ्यायचा असं सांगितलंय. मला सांगितलंय, ताई. मी काय करू?"

"याच तासाला? रोज?"

"तुमचे तास असतात तेव्हा."

पहिल्या बाकावरच्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीनं बोट वर केलं. "तोफताई, आमची शिक्षा संपली का?"

"कसली शिक्षा?"

"ढ असल्याची."

कान पेटले. पण त्या मुलीचं बोलणं अजून संपलं नव्हतं. दाराकडे बोट दाखवत ती म्हणाली, "भातादादांना माहितीये. तुम्ही हॉलमध्ये सामान लावत असता तेव्हा ते दर वेळी या दारातून डोकावून आम्हाला हात करतात."

तोफताईनं चेंडू त्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "उठा. सगळे उठा. हॉलमध्ये चला."

मुलं उठली ती काय उठली! बाकं कोसळली, वह्या खाली पडल्या. लोंढा व्हरांड्यातून हॉलमध्ये घुसला, आणि भावाची बोटं पट्ट्यांवर थबकली. त्यानं मुलांकडे पाहिलं, मग त्यांच्यामागून येणाऱ्या बहिणीकडे. जे कळायचं ते त्याला कळलं.

"वाजव," ती म्हणाली. "थांबलास का? वाजव!"

त्यानं वाजवलं. पण मुलांनी दोन उड्या मारल्या नसतील तोवर मोठ्या बाई दारात हजर. चेहऱ्यावर तेच हसू.

"ताई, जरा बाहेर येता का?"

"इथंच बोला. मुलांसमोर लपवण्यासारखं काय आहे?"

"अहो, चिडू नका ना. जी अभ्यासात मागं पडलीत त्यांना थोडा जादा सराव. त्यांच्याच भल्याचं आहे. हुशार मुलांना बक्षीस म्हणून खेळ, गाणं. म्हणजे बाकीच्यांनाही वाटतं, आपणही मार्क मिळवावेत."

"बक्षीस?" तिचा आवाज चढला. "पळणं बक्षीस? श्वास घेणंसुद्धा मार्कांवर देता का तुम्ही? आणि मला सर्दी म्हणून सांगितलंत! कोणत्या तोंडानं सांगितलंत?"

"तुम्ही अशा भडकता म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही," मोठ्या बाई अगदी हळू म्हणाल्या. "दादांशी आमचं बोलणं झालेलं आहे. पहिल्या चाचणीपासून. त्यांनी समजून घेतलं."

भावानं मान खाली घातली.

मुलांना पुन्हा त्या खोलीत नेलं गेलं. दोन वेण्यांच्या मुलीनं जाताना चेंडू तोफताईच्या हातात परत दिला. "नंतर ठेवा माझ्यासाठी," म्हणाली.

दोघांनी व्हॅनमध्ये सामान भरलं. गाडी फाटकापर्यंत आली. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. तिथं तिनं इंजिन बंद केलं.

"तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास इतके दिवस?"

"ताई, ऐकून तर घे."

"हात करत होतास त्यांना! येता-जाता हात! पिंजऱ्यातल्या माकडांना करतात तसा!"

"मग काय करू? तोंड फिरवून जाऊ?" तो म्हणाला. "मी मोठ्या बाईंना विनवलं. दोनदा विनवलं. त्या 'बघू या ना' म्हणाल्या. तुला सांगितलं असतं तर तू तेच केलं असतंस जे आज केलंस, आणि त्यांनी आपल्याला हाकललं असतं. निम्म्या मुलांना तरी मिळत होतं ना? मी म्हटलं, निम्म्यांना तरी मिळू दे."

"निम्म्यांना मिळत होतं ते उरलेल्यांना ऐकवून मिळत होतं, बाळ्या! भिंतीपलीकडून! तुझंच वाजवणं त्यांना शिक्षा म्हणून ऐकवत होते, आणि तू वाजवत होतास!"

मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. ती खाली उतरली, मागचं दार उघडलं, अकॉर्डियनची पेटी काढून फुटपाथवर ठेवली.

"उतर."

"ताई, रस्त्यात काय हे?"

"उतर म्हणते ना!"

तो उतरला. ती निघून गेली. आरशात तो पेटीशेजारी उभा दिसला, लहानपणी मार खाल्ल्यावर उभा राहायचा तसाच, हात दोन्ही बाजूंना सोडून. त्यानं तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मार देणारा दुसराच, आणि रडवेलं तोंड करून हा उभा.

नवऱ्याला त्या आठवड्यात फ्रीज दुरुस्तीची फार कामं निघाली. आईचा फोन आला. ती भावाकडे राहायची.

"तो जेवत नाही नीट."

"उपाशी राहू दे."

"अगं, तो घाबरट आहे, वाईट नाही."

"आई, घाबरट माणसाच्या हातून जेवढं वाईट होतं ना, तेवढं वाईट माणसाच्या हातूनही होत नाही. तू त्याची बाजू घेऊ नकोस. माझा घसा बसलाय ओरडून ओरडून, आणखी ओरडायला लावू नकोस."

पुढचा तास आला. काय करायचं ते तिनं ठरवलं होतं. आत जायचं, मागच्या खोलीच्या दारात उभं राहायचं, आणि ती मुलं बाहेर येईपर्यंत हलायचं नाही. पोलीस बोलावले तरी बेहत्तर. व्हॅन गेटसमोर लावली. गेटवरचा वॉचमन तिला ओळखायचा, नेहमी सलाम करायचा. आज त्यानं गेट उघडलं नाही.

"ताई, माफ करा. तुम्हाला सोडायचं नाही असं सांगितलंय. फक्त दादांना सोडा म्हणाल्या."

"दादा कुठला? तो येणार नाही."

वॉचमननं बोटानं आत दाखवलं. "ते मघाशीच आले. बसनं."

तिनं गजांमधून पाहिलं. पाठीवर पेटी घेऊन भाऊ शाळेच्या पायऱ्या चढत होता. एकदाही मागं वळून न पाहता आत गेला.

आजवर तिला राग आला होता तो काहीच नव्हता, असं तिला वाटलं. सख्खा भाऊ! तिला बाहेर ठेवून हा आत जातो, त्यांच्या हॉलमध्ये, त्यांच्या हुशार मुलांना वाजवून दाखवायला! चोरावर मोर झाला हा तर. तिनं गेटच्या गजांवर इतक्या जोरानं थाप मारली की हात झिणझिणला. वॉचमन दोन पावलं मागं सरकला.

घंटा झाली. हॉल पुढच्या बाजूला, गेटसमोरच. आता सूर निघेल म्हणून ती दात आवळून उभी राहिली. हॉलमधून काहीच आलं नाही. मुलांचा गलबला आला, मग कुणी तरी 'दादा कुठं?' असं ओरडलं, आणि मग सूर आला तो भलतीकडून. इमारतीच्या मागच्या बाजूनं.

ती गेट सोडून कंपाउंडच्या कडेकडेनं धावत सुटली. शाळेच्या मागं एक अरुंद गल्ली होती. कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान, एक सायकलवाला, कचऱ्याचे डबे. मागच्या खोलीची खिडकी याच गल्लीत उघडायची. खिडकी उंच होती. तिनं सायकलवाल्याचं लोखंडी स्टूल न विचारता उचललं आणि त्यावर चढली.

आत भाऊ टेबलावर बसला होता. गणिताच्या बाई कोपऱ्यात, फळा पुसायचं फडकं हातात घट्ट धरून. भावाच्या कपाळावर घामाच्या धारा, ओठ पांढरे पडलेले, पण भाता असा चालला होता की हॉटेलात कधी चालला नसेल. मुलं बाकांवर उभी. खोलीत हलायला जागा नव्हती म्हणून उभ्याउभ्या पाय आपटत होती. पाय बंद, असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. दाराबाहेर व्हरांड्यात हॉलमधली मुलं गोळा झालेली, एकमेकांच्या खांद्यांवरून आत बघत, ठेका धरत. आणि त्यांच्याही मागं मोठ्या बाई, हात वर करून काहीतरी सांगताहेत, पण ऐकतंय कोण!

भावाला खिडकीत बहीण दिसली. त्याचा सूर एकदा चुकला.

"चुकू नकोस!" ती गजांतून ओरडली. "वाजव! आणि तुम्ही काय वाकडेतिकडे पाय आपटताय? डावा आधी! गुडघे वर! बाक मोडला तर मी बघते, गुडघे वर!"

तिनं शिट्टी फुंकली. आतल्या मुलांनी जो गिल्ला केला त्यानं गल्लीतली माणसं बाहेर आली. सायकलवाला आधी स्टूल मागायला आला, मग तोही टाचा उंचावून बघायला लागला. इस्त्रीच्या दुकानातून एक बाई ओले हात पुसत आली आणि तोफताईच्या शेजारी कचऱ्याच्या डब्यावर चढून आत डोकावली. तिचा चेहरा बदलला.

"ही माझी मुलगी," ती म्हणाली. "ती पुढची. दोन वेण्यांची. ती इथं काय करतेय?"

"इथंच असते ती. खेळाच्या आणि गाण्याच्या तासाला मुलांना इथं बसवून गणितं करून घेतात. मार्क कमी म्हणून."

"काहीतरीच! ती रोज घरी येऊन गाणी म्हणून दाखवते ना मला. नवं गाणं शिकवलं म्हणते. हातवारेसुद्धा करते."

"भिंतीतून ऐकून शिकलीये ती," तोफताई म्हणाली. "हातवारे तिनं स्वतःच बसवले असतील."

त्या बाईनं पुन्हा आत पाहिलं. मुलगी बाकावर उड्या मारत होती, तिला आई दिसली नव्हती. बाईनं पदर कमरेला खोचला.

"खोटं बोलायला लावलं माझ्या पोरीला," ती म्हणाली. "लाज वाटली तिला, म्हणून खोटं बोलली. माझ्याशी!" मग दुकानाकडे तोंड करून हाक मारली, "अहो, इस्त्री बंद करा! चला माझ्याबरोबर!"

ती पुढच्या गेटवर गेली तेव्हा वॉचमननं गेट उघडलं की तिनं उघडलं, यावर पुढं बरीच चर्चा झाली. तोफताई तिच्यामागून आत शिरली. व्हरांड्यात मोठ्या बाई उभ्या होत्या. हसू तसंच होतं, पण आता ते चेहऱ्यावर विसरून राहिल्यासारखं दिसत होतं.

"बसून बोलू या ना," त्या म्हणाल्या.

"बसायला नाही आले मी," मुलीची आई म्हणाली. "माझ्या पोरीला या खोलीत बसवायचं कुणी ठरवलं तेवढं सांगा. आणि तिला ढ कोण म्हणालं, तेही सांगा. तिच्यासमोर सांगा."

मोठ्या बाईंनी गणिताच्या बाईंकडे पाहिलं. त्या फडकं टेबलावर ठेवून पुढं आल्या. "माझ्याकडे बघू नका, मोठ्या बाई," त्या म्हणाल्या. "मी ठरवलं नाही. आणि या तासाला त्यांना एक भागाकार येत नाही. कान भिंतीला असतात त्यांचे."

संध्याकाळपर्यंत बातमी घरोघर गेली. बहुतेक आईबापांना ठाऊकच नव्हतं. मुलांनी घरी सांगितलं नव्हतं, कुणी गाणी म्हणून दाखवत होतं, कुणी पाय मुरगळल्याचं सोंग करत होतं. दुसऱ्या दिवशी गेटसमोर माणसं जमली, आणि त्यांच्यात हुशार म्हणवणाऱ्या मुलांचे आईबापही होते. शाळेच्या चालकांना यावं लागलं. बैठक झाली, आरडाओरडा झाला, मोठ्या बाई पहिल्यांदाच 'चुकलं' म्हणाल्या, तेही गोडच. मागची खोली रिकामी केली. खेळ आणि गाणं सगळ्या मुलांना, चाचणीशी त्याचा संबंध नाही, असं ठरलं.

आणि या दोघांना शाळेनं पुन्हा बोलावलं नाही. बेशिस्त, म्हणाले. त्यांच्या जागी दुसरी माणसं आणली, चांगली होती म्हणे. ही बातमी तिला रस्त्यात भेटलेल्या त्या वॉचमनकडून कळली. सगळी मुलं हॉलमध्ये असतात आता, असंही त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." घरी आली आणि स्वयंपाकघरात भांडी अशी आदळली की नवऱ्यानं पिशवी उचलली.

"थांब," ती म्हणाली. "आज बस इथं. ऐक. माझी मुलं होती ती. दुसऱ्या कुणी तरी त्यांना पळवायचं, आणि मी ऐकायचं?"

तो बसला. पिशवी खाली ठेवत म्हणाला, "पण पळताहेत ना."

"पळताहेत. म्हणून तर आणखी राग येतो. कुणावर काढू?"

भावाशी ती लगेच बोलली नाही. त्या दिवशी खिडकीतून 'वाजव' म्हणाली होती, ते बोलणं धरायचं नाही असं तिनं स्वतःशी ठरवलं. शेवटी तोच आला, अकॉर्डियन न घेता. दारात उभा राहिला.

"आत ये की. का तिथूनच हात करणार आहेस?"

तो आत आला, बसला. "मला त्या दिवशी दारात उलटी झाली होती भीतीनं," तो म्हणाला. "खोलीत शिरायच्या आधी."

"मग?"

"मग शिरलो."

तिनं त्याच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला, जरा जोरातच. "तू शिरलास म्हणून मी तुला घरात घेतलंय. पण तू इतके दिवस शिरला नाहीस, ते मी विसरणार नाही, बाळ्या. लवकर तर नाहीच नाही."

"नको विसरूस."

"आणि मान वर करून बोल."

त्यानं मान वर केली.

व्हॅन पुन्हा सुरू झाली. त्या शाळेची हकिकत पसरली होती. काही शाळांनी नको म्हटलं, काहींनी मुद्दाम बोलावलं. आता नव्या शाळेत गेल्यावर सामान उतरवायच्या आधी दोघं सगळी इमारत फिरायची. ती खालचे मजले बघायची, तो वरचे. बंद दिसेल ते दार उघडायचं. शिपाई वैतागायचे, मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पडू देत, ती म्हणायची. बहुतेक ठिकाणी नकाशे, मोडक्या खुर्च्या आणि झाडू निघायचे.

परवा एका शाळेत ती हॉलमध्ये गाद्या अंथरत होती. वरून पायांचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक चढलेला, फाटलेला आवाज. तिनं तो आवाज आधी कधीच ऐकला नव्हता, म्हणून कोण ओरडतंय ते तिला कळेना. मग भाऊ जिन्याच्या वळणावर दिसला. धापा टाकत होता, आणि दोन्ही कान लालभडक.

"ताई, वर ये," तो म्हणाला. "तिघांना ठेवलंय वाचनालयात. मी तिथल्या सरांना सांगितलंय, ती मुलं खाली आल्याशिवाय सुरू करणार नाही. ते ऐकत नाहीत. ये लवकर."

तिनं हातातली गादी तिथंच टाकली आणि शिट्टी तोंडात धरत जिना चढायला लागली.